सिस्टरची मास्तरकी

नांदेडच्या एका खाजगी दवाखान्यात मी चोवीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची नऊ वर्षं वॉर्डाची इनचार्ज. माझ्या वॉर्डात चादरीला सुरकुती नसायची आणि नातेवाईक पेशंटच्या खाटेवर बसायचे नाहीत, एवढं सांगितलं तरी माझ्या स्वभावाची कल्पना येईल. ज्या पेशंटची शीर कुणालाच सापडत नाही, त्याच्यासाठी तिन्ही मजल्यांवरून मला बोलावणं यायचं. मी दंडाला रबर बांधायचे, दोन बोटं फिरवायचे आणि सुई घालून मोकळी व्हायचे. मुदखेडकडच्या एका म्हाताऱ्या बाईनं तर सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, की हिच्या बोटांना डोळे हाईत. ही गोष्ट मी अजूनही जमेल तिथं सांगते. आत्ताही सांगितलीच.

मग दवाखान्यानं नर्सिंगची शाळा काढली. इमारतीला रंग दिला, बाकं आली, प्लास्टिकचा एक पूर्ण उंचीचा पुतळा आला, चाळीस मुलीही आल्या. फक्त शिकवणारं माणूस मिळेना. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले की सिस्टर, तुम्हाला सगळं येतं, तुम्हीच शिकवा. मलाही तसंच वाटत होतं. ज्याला येतं त्याला शिकवताही येतं, याबद्दल आमच्या दोघांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

पहिल्या तासासाठी माझ्या मुलीनं मला कॉम्प्युटरवर चित्रांची एक माळ करून दिली. ती इंजिनिअरिंगला असल्यामुळे तिनं हौसेनं त्यात अक्षरं उडवली होती. रक्तदाब हा शब्द उजवीकडून यायचा, तीन कोलांट्या घ्यायचा आणि मग जागेवर बसायचा. मी पडद्याकडे तोंड आणि मुलींकडे पाठ करून वाचायला सुरुवात केली आणि पंचेचाळीस मिनिटांत रक्तदाब, नाडी, श्वास, ताप असं सगळं उरकून टाकलं. हा अभ्यास सव्वा महिन्याचा होता, हे मला नंतर कळलं. मागं वळून बघितलं तर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी डोकं टेकून झोपली होती. दुसऱ्या कुठल्याही मास्तरीणबाईनं तिला हाक मारली असती. मी सवयीनं जाऊन तिची नाडी बघितली. नाडी चांगली होती. ती दचकून उठली आणि सगळा वर्ग हसला. त्या तासात मुलींनी तेवढी एकच गोष्ट लक्ष देऊन बघितली.

नेमके त्याच वेळी मोठे डॉक्टर व्हरांड्यातून चालले होते. त्यांनी दारातून सगळं बघितलं. आठ दिवसांनी त्यांनी माझ्या हातात एक पत्र ठेवलं. लातूरच्या एका संस्थेत, निरनिराळ्या कामांतल्या अनुभवी माणसांना वर्गात शिकवायला तयार करण्याचं बारा दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि त्यात माझं नाव घातलेलं होतं.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. एक तर या वयात पुन्हा बाकावर बसायचं. त्यात नांदेडच्या माणसानं शिकायला लातूरला जायचं. दोन्ही गावं क्लासेसची, दोन्हीकडच्या भिंती पहिल्या आलेल्या पोरांच्या फोटोंनी भरलेल्या, आणि दोन्हीकडच्या लोकांना खात्री की खरं शिक्षण आपल्याकडेच. नवऱ्यानं सकाळी मला एसटीत बसवलं आणि खिडकीतून वर बघत सांगितलं की तिथं मॅडमला शिकवू नकोस, बारा दिवस ऐकून घे. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, तरी मी मनातल्या मनात त्यांनाच उत्तर देत होते.

संस्थेची इमारत साधी होती. वर्ग खाली, राहायच्या खोल्या वर, मागं कडुलिंबाखाली चहाची जागा. आम्ही अकरा जण होतो. कुणी बेकरीवाला, कुणी शिवणकाम करणारी, कुणी गवंडी. माझं जमलं ते दोघांशी, कारण आमच्या तिघांच्या खुर्च्या एका रांगेत होत्या.

त्यातले एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर होते, हदगावचे. त्यांना सगळे ड्रायव्हरमामा म्हणत. मोठी गाडी चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेनं त्यांना बोलावलं होतं. माणूस उंचापुरा, आवाज मोकळा, आणि बोलणं एकदा सुरू झालं की शेवटच्या स्टॉपपर्यंत न थांबणारं. दुसरे उदगीरचे, विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्माची बोटं, पांढरा शर्ट. त्यांच्या घरी सगळे दुकानदार, हेच एकटे लहानपणापासून जळालेल्या मोटारींच्या नादी लागले. त्यांच्याकडे कारागिरीचं नवं केंद्र निघालं होतं आणि तिथल्या मुलांना वाइंडिंग शिकवायचं होतं. त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते मला अक्का म्हणत. पहिल्या दोन दिवसांत ते मला एवढंच म्हणाले.

शिकवणाऱ्या मॅडम तिशीच्या असतील. बारीक चणीच्या, साधी कॉटनची साडी, आवाज इतका हळू की आम्हालाच गप्प बसावं लागे. मी त्यांना बघून मनात म्हटलं, ही माझ्या धाकट्या भाचीएवढी पोरगी मला काय शिकवणार. त्या किनवटकडच्या जंगलातल्या एका आश्रमशाळेत सहा वर्षं होत्या. पहिलीतल्या लेकरांना त्यांची मराठी कळायची नाही आणि त्यांना लेकरांची बोली. पहिले दोन महिने त्या बोलून बोलून रडकुंडीला आल्या, मग त्यांनी बोलणं कमी केलं आणि लेकरांच्या हातांकडे बघायला लागल्या, असं एकदा चहाच्या वेळी त्यांनी आम्हाला सांगितलं. पण ते नंतर. पहिल्या दिवशी त्यांनी आमचं काही एक ऐकून घेतलं नाही. म्हणाल्या की तुम्हाला जे सगळ्यात चांगलं येतं ते दहा मिनिटांत आम्हाला शिकवा.

ड्रायव्हरमामा आधी उठले. त्यांनी खुर्च्या दोनदोनच्या रांगेत लावून आमची बस केली, स्वतः पुढं बसले आणि निघाले. गिअर कसा टाकायचा ते सांगता सांगता हदगावचं स्टँड सुटलं, एक म्हैस आडवी आली, कंडक्टरचं आणि एका बाईचं भांडण झालं, आणि दहा मिनिटं संपली तेव्हा आम्ही नांदेडच्या बरेच अलीकडे होतो. मॅडमनी मागच्या सीटवरच्या बेकरीवाल्याला विचारलं की तुम्ही काय शिकलात. तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, वाटेत अर्धापूरला केळी चांगली मिळतात.

मग अप्पा. त्यांनी पिशवीतून तांब्याची तार आणि लाकडी साचा काढला, आमच्याकडे पाठ करून खाली मांडी घातली आणि कामाला लागले. आम्हाला त्यांचा शर्ट आणि हलणारं कोपर तेवढं दिसत होतं. सगळे मान उंचावून बघायला लागलो. नवव्या मिनिटाला त्यांनी एक सुरेख गुंडाळी वर धरली, म्हणाले, "झालं," आणि जागेवर येऊन बसले.

मी मनातून खूष होते. यांच्यानंतर आपण गेलो की आपोआप उठून दिसणार. मी मलमपट्टीचं सामान आणलंच होतं. कोपराला पट्टी बांधायला शिकवते म्हटलं. मॅडम म्हणाल्या, मलाच शिकवा, मला काहीच येत नाही, तुम्ही सांगाल तसं मी करते. ड्रायव्हरमामा पेशंट म्हणून पुढं आले.

मी सांगितलं, पट्टी कोपराजवळ धरा आणि गोल फिरवा. मॅडमनी पट्टी कोपराजवळ धरली आणि मामांना म्हणाल्या की फिरा. मामा आयुष्यभर शिस्तीत नोकरी केलेले. ते जागच्या जागी तीन वेळा गोल फिरले आणि पट्टी त्यांच्या कमरेला गुंडाळली गेली. मी म्हटलं, तसं नाही, पट्टी तिरपी घ्या. मॅडमनी मान तिरपी केली, खांदा तिरपा केला आणि पट्टी होती तशीच धरून ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, त्या खरंच माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत होत्या. वर्ग मात्र खुर्च्या धरून हसत होता. मला राहवेना. मी पुढं झाले, पट्टी हिसकावून घेतली, मामांना मोकळं केलं आणि वीस सेकंदांत कोपर असं बांधून दाखवलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मॅडमनी विचारलं, "छान बांधलीत. आता मला सांगा सिस्टर, हे शिकलं कोण?"

मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलं. ते सगळे दुसरीकडे बघायला लागले.

त्या संध्याकाळी मी घरी फोन केला आणि नवऱ्याला सांगितलं की मॅडम जरा आगाऊच आहे. ते म्हणाले, "म्हणजे शिकवायला लागली वाटतं." मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी मॅडमनी प्रत्येकाला एकेक अट घातली. मामांनी एका तासात पाच वाक्यांपेक्षा जास्त बोलायचं नाही. अप्पांनी काम करताना तोंड बंद ठेवायचं नाही, हात जे करतो ते तोंडानं सांगायचं. आणि मी हात मागं बांधून शिकवायचं.

मामांनी पाचातली चार वाक्यं खुर्च्या लावतानाच संपवली. अप्पांचं तर विचारूच नका. ते वाइंडिंग सीमेपलीकडच्या एका कन्नड उस्तादाकडे शिकले होते, त्यामुळे तारेचे वेढे मोजायचे ते कन्नडमधूनच. आता बोलायची सक्ती झाल्यावर त्यांनी तेवढंच मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. ओंदु, येरडु, मूरु, नालकु. पाऊण तासानंतर आमच्यापैकी एकालाही वाइंडिंग येत नव्हतं, पण बाकी दहाच्या दहा जणांना कन्नडमधून तीसपर्यंत आकडे येत होते. मॅडम म्हणाल्या, काहीतरी शिकवलंत, हेही कमी नाही. अप्पा पहिल्यांदा हसले.

माझी पाळी दुसऱ्या दिवशी आली. मी रक्तदाब मोजायला शिकवणार होते, गोल तबकडीवर काटा फिरणारं साधं मशीन आणि स्टेथोस्कोप घेऊन. मोजणारे अप्पा, पेशंट ड्रायव्हरमामा. मी दोन्ही हात पाठीमागं धरून, प्रार्थनेच्या रांगेत उभं राहावं तशी उभी राहिले.

अप्पांनी मामांच्या दंडाला पट्टा बांधला तो उलटा, नळ्या खांद्याकडे. माझी बोटं पाठीमागं आपोआप हलायला लागली. वॉर्डात एखाद्या पोरीनं असं केलं असतं तर तिला कळायच्या आत मी पट्टा काढून सरळ केला असता आणि वर चार शब्दही सुनावले असते. मॅडम माझ्या हातांकडेच बघत होत्या. मी एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलं आणि विचारलं की अप्पा, नळ्या कुठं आल्या बघा बरं. अप्पांनी बघितलं, म्हणाले, वर. मग मी विचारलं की स्टेथोस्कोप कोपराच्या खळीत ठेवायचा आहे, मशीन टेबलावर आहे, तर नळ्या कुठं असलेल्या बऱ्या. अप्पा विचार करत बसले. किती वेळ, ते विचारू नका, मला तो अर्धा दिवस वाटला. मग त्यांनी पट्टा सोडला, फिरवला, बरोबर बांधला आणि कुणीही न सांगता खाली दोन बोटं घालून बघितलं की जास्त आवळला तर नाही. हे मी सांगायचं विसरलेच होते.

स्टेथोस्कोप कानात घातल्यावर त्यांना काही ऐकू येईना. मला कारण दिसत होतं, टोकं उलटी होती. मी गप्प राहिले. अप्पांनी ते काढलं, एखादा बिघडलेला पार्ट बघावा तसं उलटंसुलटं करून बघितलं, टोकांचा कल कुठं आहे ते बघून स्वतःच फिरवून घातलं आणि मान डोलावली. मला काय वाटलं ते सांगते. चोवीस वर्षांत कुणी स्वतःची चूक स्वतः शोधून काढताना मी बघितलंच नव्हतं. तेवढा वेळ मी कुणाला कधी दिलाच नव्हता.

फुगा दाबून हवा भरली, पण सोडताना त्यांनी एकदम सोडली आणि काटा धपकन खाली आला. मी म्हटलं हळू. मॅडम खुर्चीतून म्हणाल्या, हळू म्हणजे किती. एवढ्या वर्षांत किती हजार वेळा मी हा काटा खाली आणला असेल, पण कितीनं आणते ते कधी शब्दात धरलं नव्हतं. मनातल्या मनात हात चालवून बघितला आणि म्हटलं, घड्याळाचा एक ठोका पडला की काटा एक बारीक रेघ खाली यायला पाहिजे.

अप्पा म्हणाले, "असं सांगा की, अक्का."

मामांचा हात थोडा वेळ मोकळा ठेवून त्यांनी पुन्हा हवा भरली. ओठ हलत होते, ओंदु, येरडु. काटा एकेक रेघ उतरत होता. मग त्यांनी कानातून नळ्या काढल्या आणि सांगितलं की एकशे ऐंशीला आवाज सुरू झाला आणि एकशे दहाला बंद पडला.

मी हसले. मामा समोर ठणठणीत बसले होते. पहिल्या दिवशी माझी बॅग त्यांनीच एका हातानं वर नेऊन दिली होती. मी म्हटलं, चुकलं अप्पा, पहिल्यांदा होतंच असं, हाताच्या घासण्याचा आवाज ऐकलात तुम्ही. आणि माझा उजवा हात पाठीमागून सुटून मशीनकडे निघाला.

"सिस्टर," मॅडम म्हणाल्या, "चुकलं हे तुम्हाला कसं कळलं?"

खरंच, कसं कळलं? मी काटा नीट बघितला नव्हता, कारण मी अप्पांच्या हातांकडे बघत होते. आवाज मी ऐकला नव्हता. मला एवढंच माहीत होतं की अप्पा नवे आहेत आणि मामा धडधाकट दिसतात. मी हात परत मागं नेला.

मॅडम म्हणाल्या की मग त्यांनाच पुन्हा मोजू द्या. मामांना पाच मिनिटं शांत बसवलं. त्यांना पाच मिनिटं न बोलता बसवणं हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. मग दुसऱ्या दंडाला पट्टा, पुन्हा हवा, पुन्हा हळूहळू उतरणारा काटा. अप्पांनी आकडा सांगितला, एकशे अठ्ठ्याहत्तर, खाली एकशे आठ. आणि मग त्यांनी त्या पाच दिवसांतलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"अक्का, तीस वर्सं झाली, मी चालू मोटारीला स्क्रूड्रायव्हर टेकवून मुठीला कान लावलालोय. बेअरिंग कुठं वाजायला लागलं अन् कुठं गप झालं, एवढं मला कळतंय बघा."

मी मॅडमकडे बघितलं आणि विचारलं की आता मी मास्तरीण राहू की नर्स होऊ. त्या म्हणाल्या, आता नर्स व्हा. मी हात पुढं घेतले, स्वतः मोजलं. अप्पा बरोबर होते. मला वर्गाकडे वळून सांगावं लागलं की चूक त्यांची नव्हती, माझी होती. अकरा माणसांसमोर असं बोलायची मला सवय नव्हती, त्यामुळे वाक्य जरा तुटक आलं.

मामांनी मात्र मानलं नाही. त्यांचं म्हणणं, मशीन लातूरचं हाय, आमच्याकडं एवढं येत न्हाई. मी त्यांना ऑटोत घालून जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. रस्ताभर ते सांगत होते की एसटीत दरसाली तपासणी व्हायची आणि त्यांना कधी साधा खोकलासुद्धा सांगितला नव्हता. निवृत्तीनंतर किती वेळा तपासलं म्हटल्यावर ते बाहेर बघायला लागले. डॉक्टरांच्या मशीननंही तोच आकडा दाखवला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितलं, आणि बरं झालं वेळेवर सापडलं, असं म्हणाले. मामांना वाईट वाटलं ते लोणच्याचं. जेवताना दोन दिवस ते अप्पांच्या ताटातल्या लोणच्याच्या फोडीकडे बघत राहिले आणि अप्पांशी बोलले नाहीत, जणू काही अप्पांनीच त्यांच्या अंगात बीपी घातला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहाला उतरले तर कडुलिंबाखाली मामा बाही वर करून बसलेले आणि अप्पा मशीन घेऊन समोर. मग ते रोजचंच झालं. अप्पा आकडा मोजायचे आणि चहावाल्याच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहून ठेवायचे. हळूहळू बेकरीवाला बसायला लागला, शिवणकामवाल्या ताई बसायला लागल्या, एक दिवस स्वतः चहावालाही बसला. आणि अप्पा बोलायला लागले. आवाज आधी कसा येतो, मग कसा जाड होतो, मग कसा विरतो, हे ते ज्याला त्याला सांगायचे. मला चोवीस वर्षांत एवढं बारीक सांगता आलं नव्हतं. मॅडम हातात कप घेऊन दुरून ऐकत राहायच्या. एक दिवस त्यांनी अप्पांना विचारलं की मोटारीचा आवाजही असाच सांगता येईल का.

अप्पांनी त्यावर विचार केला. शेवटून तिसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात दोन मोटारी आणल्या, एक चांगली आणि एक खराब, दोन्ही चालू केल्या. मला बोलावलं, स्क्रूड्रायव्हर हातात दिला, कुठं टेकवायचा ते दाखवलं आणि विचारलं काय ऐकू येतंय. मी म्हटलं, घरघर. ते गप्प. मी पुन्हा कान लावला. म्हटलं, घरघरीत मधूनच एक खर्रकन आवाज आहे. ते गप्पच. मी तिसऱ्यांदा ऐकलं आणि म्हटलं की तो आवाज ठरावीक वेळानं येतो, फेऱ्यागणिक. तेव्हा अप्पा म्हणाले, हाव, तेच. बाकी काही सांगायला त्यांना लागलंच नाही. मला त्या दिवशी इतका आनंद झाला की मी घरी आल्यावर आमच्या मिक्सरलाही स्क्रूड्रायव्हर लावून बघितला. नवऱ्यानं विचारलं की हेच शिकायला पाठवलं होतं का तुला.

परीक्षा शेवटच्या आदल्या दिवशी होती. बाहेरून दोन परीक्षक आले, त्यातले एक निवृत्त मुख्याध्यापक, जाड भिंगांचे. मामांनी पाच वाक्यांत तास घेतला. खरं म्हणजे सात, पण मॅडमनी दोन मोजली नाहीत. माझ्या तासाला मी एकाही चित्राला हात लावला नाही, पडदा गुंडाळून ठेवला आणि बेकरीवाल्याला नाडी बघायला शिकवली. सगळं ठीक चाललं होतं, तोच मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं की बाई, हा स्टेथोस्कोप पहिल्यांदा कुणी केला.

वॉर्डात मला काही विचारलं आणि मी माहीत नाही म्हटलं, असं कधी झालेलं नाही. मला माहीत नसायचं तेव्हा मी रागवायचे, म्हणजे समोरचा विचारायचं सोडून द्यायचा. इथं रागावायची सोय नव्हती. मी म्हटलं, मला माहीत नाही, शोधून उद्या सांगते. ते हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मी उत्तर पाठ करून गेले, त्यांना गाठलं, सगळं सांगितलं, एका फ्रेंच डॉक्टरनं कागदाची सुरळी करून कशी सुरुवात केली तेसुद्धा. त्यांनी कौतुकानं ऐकून घेतलं आणि विचारलं की हे तुम्ही मला का सांगताय. प्रश्न विचारल्याचं ते विसरूनही गेले होते. मला मार्क मात्र चांगले पडले.

नांदेडला परत आल्यावर सगळं लगेच सुरळीत झालं, असं नाही. मुली हळू शिकायच्या आणि मी वाट बघायचे, त्यामुळे अभ्यास मागं पडला आणि मोठ्या डॉक्टरांनी एकदा विचारलंही की सिस्टर, लातूरहून तुम्ही वेग कमी करून आलात की काय. मी हो म्हटलं. कधी कधी हात पुढं जायचाच. एकदा तर मी एका मुलीच्या हातातून सिरिंज घेतली, मग लक्षात आल्यावर तिला परत दिली, तर तिला वाटलं सिरिंजच खराब निघाली, आणि ती दुसरी आणायला पळाली. मामांचा मधूनमधून फोन येतो. शाळेतली पोरं गाडीच्या आरशात बघायला शिकली म्हणतात, गोळी रोज घेतो म्हणतात, आणि लोणच्याचं विचारलं की लाइन कट होते. उदगीरच्या केंद्रात अप्पांच्या वर्गाला जागा पुरेना, म्हणून दुसरी तुकडी काढावी लागली, असं मॅडमकडून कळलं. अप्पांनी स्वतः काही सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात मी काही कामानं जुन्या वॉर्डात गेले होते. माझ्या पहिल्या तुकडीतली एक मुलगी आता तिथं नोकरीला आहे, भोकरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. ती एका नव्या मुलीला रक्तदाब म्हणजे काय ते समजावत होती. मला दोघींनी बघितलं नव्हतं, मी पडद्याआड थांबले. ती म्हणत होती, ठिबकची नळी बघितलीस ना शेतात, पाणी सोडलं की ती टणक होते, बोटानं दाबून बघायची. आता तिच्यात मधे कचरा अडकला तर पाण्याला जोर जास्त करावा लागतो का नाही? नव्या मुलीनं स्वतःच्या मनगटावर बोट दाबून बघितलं आणि मग म्हणाली, म्हणून म्हाताऱ्या माणसांचा वाढतो का ताई? ती म्हणाली, तूच सांग.

मला आनंद झाला, आणि लगेच थोडा रागही आला, कारण दोन वर्षं शिकवून हे उदाहरण मला सुचलं नव्हतं. मी आत न जाता तशीच खाली कॅन्टीनला गेले, एक चहा घेतला, मग दुसरा घेतला. दुसऱ्या दिवशी नव्या तुकडीला मी ठिबकच्या नळीवरूनच सुरुवात केली. उदाहरण कुणाचं आहे तेही सांगितलं, पण जरा हळू आवाजात.